वाय-फायला नवं कर्नेल हवं, ग्राफिक्सला जुनं: एका कार्यालयाचं लिनक्सवर जाणं

पार्श्वभूमी

जुनी कागदपत्रं, नकाशे आणि नोंदवह्या स्कॅन करून त्यांची सूची करणारी ही एक छोटी संस्था. नाव, ठिकाण आणि ओळख पटेल असं सगळं इथे गाळलं आहे. तांत्रिक बाजूचं काम एका सल्लागाराकडे आणि संस्थेतल्याच एका हौशी कर्मचाऱ्याकडे होतं. हे लिखाण त्या दोघांच्या टिपणांवर उभं आहे.

२०२४ च्या अखेरीस संस्थेत २६ संगणक होते. बारा डेस्कटॉप, सगळे इंटेलच्या चौथ्या पिढीचे. त्यांतले पाच कार्यालयात, नेटवर्कच्या केबलला जोडलेले. उरलेले सात स्कॅनिंगच्या हॉलमध्ये, जिथे केबल कधी ओढलीच नव्हती. त्या सातांना यूएसबीचं वाय-फाय डोंगल होतं, आणि दोन मॉनिटर लावायचे म्हणून एनव्हिडियाच्या केप्लर पिढीचं एक साधं ग्राफिक्स कार्ड. शिवाय एकाच मॉडेलचे बारा लॅपटॉप, सातव्या पिढीचे. आणि नुकतेच घेतलेले दोन नवे लॅपटॉप.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार, हे जाहीर होतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे २६ पैकी २४ यंत्रं एका तारखेला बाद. यंत्रं मात्र धडधाकट होती. काम ब्राउझरमध्ये, लिबरऑफिसमध्ये आणि प्रतिमा साफ करणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये आधीपासूनच चाललेलं. त्यामुळे लिनक्सवर गेल्यावर सॉफ्टवेअर अडेल ही भीती नव्हती. प्रश्न यंत्रांचाच होता, पण तो तेवढा मोठा असेल असं सुरुवातीला कुणाला वाटलं नाही.

लिनक्सच्या अनेक वितरणांपैकी, म्हणजे तयार संचांपैकी, डेबियन १२ निवडलं. कारण सरळ होतं. पूर्वी डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये वाय-फायसारख्या चिपना लागणारं बंद फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं, मूळ कोड खुला नसलेलं सॉफ्टवेअर) नसायचं, ते वेगळ्या पेन ड्राइव्हवर आणून द्यावं लागायचं. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हा नियम बदलला, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून ते फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येऊ लागलं. जुन्या जाणत्यांना ही तडजोड खटकली असेल, पण कार्यालयात बसून २४ यंत्रं हलवायची असतील तर तिचं मोल कळतं.

चाचणी, आणि तिने दिलेला खोटा धीर

चाचणीसाठी एक लॅपटॉप आणि एक कार्यालयातला डेस्कटॉप घेतला. दोन्ही पहिल्या फटक्यात लागले. आवाज, कॅमेरा, ब्लूटूथ, झाकण मिटल्यावर झोपणं, उघडल्यावर उठणं, सगळं चाललं. बोटाच्या ठशाचा सेन्सर तेवढा ओळखला गेला नाही. लिनक्सवर ठशांचं काम लिबएफप्रिंट ही लायब्ररी बघते, आणि तिच्या यादीत तो सेन्सर नव्हता. ठसा सोडून पासवर्ड वापरायचा, असं ठरलं. त्यावर कुणी हुज्जत घातली नाही.

ही दोन यंत्रं निवडली गेली ती रिकामी होती म्हणून. पहिला निर्णयबिंदू हाच, आणि तो निर्णय म्हणून कुणाच्या लक्षातही आला नाही. कार्यालयातल्या डेस्कटॉपला ना डोंगल, ना वेगळं ग्राफिक्स कार्ड. अडचणीची शक्यता सगळ्यात कमी असलेलं यंत्र चाचणीला बसलं आणि अर्थातच पास झालं. लॅपटॉपचं प्रकरण जास्त फसवं होतं. बाराही लॅपटॉपच्या पाठीवर एकच मॉडेल क्रमांक होता, पण आत वाय-फायच्या चिप दोन प्रकारच्या निघाल्या. आठांत इंटेलची, चारांत दुसऱ्या एका कंपनीची. उत्पादक एकाच मॉडेलमध्ये, जो पुरवठादार त्या वेळी हाताशी असेल त्याची चिप बसवतात. खोक्यावर त्याचा उल्लेख नसतो. चाचणीचा लॅपटॉप त्या आठांपैकी होता.

‘अमुक मॉडेलवर लिनक्स चालतं’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. चालतात त्या चिप, आणि त्याही ठरावीक कर्नेलवर, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यावर, ठरावीक फर्मवेअरसह. एलएसपीसीआय या आज्ञेला डबल-एनके हा पर्याय जोडला की प्रत्येक चिपचा चार-चार अंकी ओळखक्रमांक आणि तिच्यामागचा ड्रायव्हर (ती चिप चालवणारा प्रोग्राम), दोन्ही पडद्यावर येतात. लाइव्ह पेन ड्राइव्हवरून, म्हणजे डिस्कवर काही न बसवता लिनक्स चालवून, एका यंत्राला हे करायला काही मिनिटं पुरतात. चोवीस यंत्रांची ही यादी आधी केली असती तर पुढचा बराचसा भाग लिहावाच लागला नसता.

अडचण

मोठ्या प्रमाणावर काम सुरू झालं आणि हॉलमधल्या पहिल्याच डेस्कटॉपवर नेटवर्क दिसेना. डोंगल लावलं की डेस्कटॉपवर एक सीडीचं चिन्ह उमटायचं. हा जुना खेळ आहे. अशी बरीच डोंगल लावल्यावर आधी सीडी असल्याचं सोंग घेतात, म्हणजे विंडोजला त्यातूनच ड्रायव्हर मिळावा. लिनक्सवर यूएसबी-मोडस्विच नावाचा छोटा प्रोग्राम त्यांना एक इशारा देतो आणि ती वाय-फायच्या रूपात परत येतात. तो प्रोग्राम बसवला, सीडी गेली, एलएसयूएसबी या आज्ञेच्या यादीत रिअलटेकची ८८२१सीयू ही चिप दिसू लागली. तरी वाय-फाय नाहीच.

कारण आवृत्तीत होतं. या चिपचा यूएसबी ड्रायव्हर मूळ कर्नेलमध्ये आला तो ६.२ या आवृत्तीत. डेबियन १२ चं कर्नेल ६.१. एका पायरीने हुकलं. स्थिर वितरण घेण्याचा अर्थच हा असतो की ते ज्या दिवशी गोठलं त्या दिवसापर्यंतचं हार्डवेअर त्याला ठाऊक. पुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात, नव्या चिपची ओळख सहसा येत नाही.

दुसरीकडे त्या चार लॅपटॉपमधल्या चिपसाठी मूळ कर्नेलमध्ये उपयोगाचा ड्रायव्हरच नव्हता. कंपनीचा, पोटात बंद बायनरी तुकडा असलेला एक जुना ड्रायव्हर होता. तो यंत्रावरच, प्रत्येक कर्नेलसाठी नव्याने बांधावा लागतो. हे बांधकाम आपोआप करणाऱ्या यंत्रणेला डीकेएमएस म्हणतात.

तोलून पाहिलेले पर्याय

डोंगलसाठी तीन वाटा मांडल्या गेल्या. एक, कुणा स्वयंसेवकाने सांभाळलेला बाहेरचा ड्रायव्हर डीकेएमएसने बसवायचा. दोन, डेबियनच्याच बॅकपोर्ट्समधून, म्हणजे स्थिर आवृत्तीसाठी नवं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या संग्रहातून, नवं कर्नेल घ्यायचं. तीन, आधीपासून ओळखलं जाणारं दुसरं डोंगल विकत घ्यायचं.

पहिली वाट सगळ्यात झटपट. पण इथे सल्लागाराने जो प्रश्न विचारला तो या सगळ्या प्रकरणातला कामाचा प्रश्न: पुढचं कर्नेल आल्यावर हे चालेल का, आणि चाललं नाही तर बघणार कोण? लिनक्स कर्नेलचा बाहेरच्या प्रोग्रामांशी असलेला करार घट्ट आहे. वीस वर्षांपूर्वीचा प्रोग्राम आजही चालावा यासाठी कर्नेलवाले आटापिटा करतात. आतला, ड्रायव्हरांशी असलेला करार मात्र मुद्दाम सैल ठेवलेला आहे. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्यामागची भूमिका कर्नेलच्या दस्तऐवजांतच लिहून ठेवली आहे: आतली रचना केव्हाही बदलेल, आणि जो ड्रायव्हर कर्नेलच्या झाडात, म्हणजे त्याच्या अधिकृत कोडमध्ये, आहे तो बदल करणाराच दुरुस्त करून देईल. झाडाबाहेरच्या ड्रायव्हरला ही सोय नाही. त्याचं पुढे काय होईल हे त्याच्या मालकाच्या सवडीवर.

या निकषावर दुसरी वाट सरस ठरली. बॅकपोर्ट्सच्या कर्नेलमध्ये ड्रायव्हर घरचाच होता. तिसरी वाट, म्हणजे नवं डोंगल, मागे पडली. पैसे हे एक कारण. दुसरं असं की डोंगलच्या खोक्यावर चिपचं नाव नसतं, आणि त्याच नावाच्या डोंगलच्या पुढच्या आवृत्तीत चिप बदललेली असू शकते. लॅपटॉपचा अनुभव ताजा होता.

लॅपटॉपसाठी दोन वाटा होत्या: तो बाहेरचा ड्रायव्हर, किंवा आतलं वाय-फाय कार्डच बदलणं. चारच लॅपटॉप, ड्रायव्हर डेबियनच्या संग्रहात तयार, कार्ड बदलायचं म्हणजे स्क्रू उघडणं. बाहेरच्या ड्रायव्हरवर शिक्का पडला. डोंगलला लावलेला निकष इथे बाजूला राहिला, कारण स्क्रूड्रायव्हर हातात घेणं सगळ्यांनाच मोठं काम वाटत होतं.

काय केलं, आणि काय बिघडलं

हॉलमधल्या सातही डेस्कटॉपवर बॅकपोर्ट्सचं कर्नेल चढलं आणि वाय-फाय सुरू झालं. त्याच दिवशी ग्राफिक्स गेलं.

केप्लर पिढीच्या कार्डांना एनव्हिडियाचा ४७० मालिकेचा ड्रायव्हर लागतो. त्यापुढच्या मालिकांनी ही कार्डं सोडून दिली, आणि ४७० चा आधारही २०२४ मध्ये संपला. डेबियन १२ च्या ६.१ कर्नेलवर तो नीट बांधला जात होता. नव्या कर्नेलवर संकलन अर्ध्यात थांबलं. एकाच डब्यातल्या दोन वस्तू दोन दिशांना ओढत होत्या: डोंगलला ६.२ च्या पुढचं कर्नेल हवं, कार्डाला शक्य तितकं जुनं. ही ओढाताण चाचणीत दिसणं शक्यच नव्हतं. ज्या डेस्कटॉपवर चाचणी झाली त्यात यांतली एकही वस्तू नव्हती.

तात्पुरता उपाय म्हणून नूवो हा मुक्त ड्रायव्हर लावला. केप्लरवर तो बऱ्यापैकी चालतो. ही पिढी एनव्हिडियाने सही केलेल्या फर्मवेअरची अट घालण्याच्या आधीची आहे, त्यामुळे मुक्त ड्रायव्हरला तिच्यात अजून हात घालता येतो. दोन्ही मॉनिटर लागले. पण झोपेतून उठताना कधीकधी पडदा काळाच राहायचा आणि बटण दाबून यंत्र बंद करावं लागायचं. स्कॅन केलेली पानं दिवसभर दोन पडद्यांवर शेजारी ठेवून तपासणाऱ्या माणसाला हे दोन दिवस चालतं, आठवडाभर नाही.

मग हौशी कर्मचाऱ्याने साधीच गोष्ट विचारली: हे कार्ड हवंच कशाला? चौथ्या पिढीच्या त्या प्रोसेसरमध्ये इंटेलचं ग्राफिक्स होतंच आणि त्याचा ड्रायव्हर मूळ कर्नेलमध्ये आहे. कार्ड बसवलेलं असल्यामुळे बायोसने ते बंद ठेवलं होतं, इतकंच. एका यंत्रातून कार्ड काढलं, मॉनिटरच्या दोन्ही वायरी मदरबोर्डच्या तोंडांना लावल्या. डेस्कटॉप दोन्ही पडद्यांवर उघडला, झोपला, उठला. कुठलाही ड्रायव्हर टाकावा लागला नाही, उलट एक काढावा लागला.

सातांपैकी पाचांत हे बिनबोभाट जमलं. दोन यंत्रांच्या बोर्डवर एचडीएमआय आणि व्हीजीए एवढीच तोंडं होती, आणि व्हीजीएवरच्या दुसऱ्या पडद्यावर बारीक अक्षरं फिसकटलेली दिसत. तपासणीच्या कामाला ते चालणार नव्हतं. त्यातलं एक यंत्र एकाच मॉनिटरच्या कामाला दिलं. दुसऱ्याचं काय झालं ते पुढे येईल.

लॅपटॉपच्या आघाडीवर पहिला अडथळा सिक्युअर बूटचा, म्हणजे ओळखीची सही नसलेलं काही सुरू होऊ न देणाऱ्या संरक्षणाचा, आला. चारांपैकी दोघांत ते चालू होतं, दोघांत कधीकाळी कुणीतरी बंद केलेलं. जिथे बंद तिथे बाहेरचा ड्रायव्हर लगेच चालला. जिथे चालू तिथे बांधला गेला, पण कर्नेलने तो आत घेतला नाही, कारण त्यावर ओळखीची सही नव्हती. अशा वेळी यंत्राच्या फर्मवेअरला आपली किल्ली ओळखीची करून द्यावी लागते. मॉकयूटिल या आज्ञेने किल्ली सादर करायची, एक तात्पुरता पासवर्ड ठरवायचा आणि यंत्र पुन्हा सुरू करायचं. मग निळा पडदा येतो आणि दहा सेकंद मोजतो. तेवढ्यात कळ दाबली नाही तर यंत्र निमूट पुढे जातं, विनंती रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून. एका लॅपटॉपवर नेमकं हेच झालं: यंत्र सुरू होईपर्यंत कर्मचारी पाणी प्यायला गेला होता. सिक्युअर बूट बंद करून मोकळं व्हावं असा सूर निघाला. सल्लागाराने तो मानला नाही. बाहेर फिरणाऱ्या लॅपटॉपचं संरक्षण एका वाय-फाय चिपसाठी काढायचं नाही, आणि ज्या दोघांत बंद आहे तिथेही चालू करायचं, हे त्याचं म्हणणं योग्यच होतं.

पुढचा निर्णय सगळ्यात महागात पडला, आणि तो घेताना अगदी शहाणपणाचा वाटला होता. हॉलमध्ये बॅकपोर्ट्सचं कर्नेल आहे, लॅपटॉपवर ६.१ आहे. दोन दोन कर्नेल कशाला सांभाळायची, सगळीकडे एकच ठेवू. लॅपटॉपवरही बॅकपोर्ट्स चढवलं. पहिल्या दिवशी बाराही चालले. काही आठवड्यांनी बॅकपोर्ट्समधलं कर्नेल पुढच्या आवृत्तीवर गेलं, लॅपटॉपनी रात्री आपसूक ते घेतलं, आणि सकाळी निरोप आला: “सर, कालपर्यंत नेट होतं. आज वाय-फायचं चिन्हच नाहीये.”

चारही लॅपटॉप, एकाच वेळी. नव्या कर्नेलवर तो ड्रायव्हर बांधला गेला नव्हता. डीकेएमएसने त्याची नोंद लॉगमध्ये केली होती, पण वापरणाऱ्यासमोर काही आलं नाही. दुरुस्तीसाठी नेट हवं, नेट नव्हतं, आणि या पातळ लॅपटॉपना केबलचं तोंडही नव्हतं. दोन गोष्टींनी सोडवलं. सुरू होताना ग्रब या आरंभीच्या प्रोग्रामच्या यादीतून जुनं कर्नेल निवडता येतं, कारण डेबियन आधीचं कर्नेल लगेच पुसत नाही. आणि फोन यूएसबीने जोडून त्याचं नेट लॅपटॉपला देता येतं. त्याचा ड्रायव्हर कर्नेलमध्येच असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. या दोन युक्त्या कागदावर लिहून प्रत्येकाजवळ असायला हव्या होत्या. त्या दिवशी त्या सल्लागाराने फोनवरून एकेकाला सांगितल्या.

त्या संध्याकाळी डोंगलवाला प्रश्न पुन्हा विचारला गेला, या वेळी लॅपटॉपबद्दल. उत्तर स्पष्ट होतं. चार कार्डं मागवली. तिथेही एक खाच होती. इंटेलच्या कार्डांत एएक्स२०० आणि एएक्स२१० ही साध्या पीसीआय एक्स्प्रेसवर चालतात, कुठल्याही योग्य खाचेत बसतात. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला तशीच, पण त्यांचा अर्धा भाग इंटेलच्या ठरावीक चिपसेटमध्ये असतो. सातव्या पिढीच्या यंत्रात ती बसतील आणि गप्प राहतील. एएक्स२०० घेतलं, त्याचा ड्रायव्हर ५.१ पासून कर्नेलमध्ये आहे. काही उत्पादक बायोसमध्ये मान्य कार्डांची यादी ठेवतात आणि अनोळखी कार्ड दिसलं की यंत्र सुरूच होऊ देत नाहीत, म्हणून आधी एकच कार्ड आणून एका लॅपटॉपवर पाहिलं. चाललं, मग उरलेली तीन आणली. अँटेनाच्या केसासारख्या दोन वायरींची पितळी टोकं कार्डावर दाबून बसवणं एवढंच नाजूक काम. पहिल्याला बराच वेळ लागला, चौथं चहा गार व्हायच्या आत झालं.

स्कॅनर आणि नवे लॅपटॉप

संस्थेत तीन स्कॅनर होते. लिनक्सवर स्कॅनरचं काम सेन ही प्रणाली बघते, आणि तिच्या यादीत प्रत्येक उपकरणापुढे प्रामाणिक शेरा असतो: पूर्ण, चांगलं, प्राथमिक, किमान, न तपासलेलं, आधार नाही. दोन सपाट काचेचे स्कॅनर ‘चांगलं’मध्ये होते आणि चाललेही. तिसरा, कागदांचा गठ्ठा आपणच ओढणारा आणि संस्थेचं बहुतेक काम उपसणारा, ‘आधार नाही’मध्ये होता. उत्पादकाने लिनक्ससाठी काही दिलेलं नव्हतं.

लिनक्सच्या पोटात आभासी यंत्रात विंडोज चालवून यूएसबी त्यात सोडून पाहिलं. पाच-दहा पानं निघायची, मोठा गठ्ठा मध्येच तुटायचा. त्यावर डोकं घालत बसण्यापेक्षा, हॉलमधलं जे यंत्र दोन मॉनिटरवर अडकलं होतं तेच विंडोज १० वर ठेवायचं, त्याचं कार्ड त्यातच राहू द्यायचं आणि डोंगल काढून त्याला नेटवर्कपासून तोडायचं असं ठरलं. स्कॅन झालेल्या फायली यूएसबी डिस्कवरून शेजारच्या लिनक्स यंत्रात जातात. फार देखणी व्यवस्था नाही. पण आधार संपलेली प्रणाली नेटवर्कबाहेर असली की तिचा धोका खूप उतरतो, आणि स्कॅनर अजून बरीच वर्षं चालेल असा आहे.

दोन नव्या लॅपटॉपचं थोडक्यात. नवं यंत्र म्हणजे सोपं, असा सगळ्यांचा अंदाज होता. झालं उलटं. डेबियनच्या इन्स्टॉलरला त्यांत डिस्कच दिसेना, कारण बायोसमध्ये डिस्क हाताळण्याची इंटेलची व्हीएमडी पद्धत चालू होती. ती बदलली तर आधीचं विंडोज सुरू होत नाही, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणं) चालू असेल तर पुनर्प्राप्तीची किल्ली हाताशी लागते. लाइव्ह पेन ड्राइव्हवर कॅमेराही चालला नाही. या पिढीतल्या काही लॅपटॉपचा कॅमेरा साधा यूएसबी नसून इंटेलच्या आयपीयू६ या प्रतिमा-प्रक्रिया भागामागे असतो, आणि त्याच्या ड्रायव्हरचा पहिला हिस्सा मूळ कर्नेलमध्ये आला तो ६.१० मध्ये. हे दोन्ही विंडोज ११ वर राहू शकत होते. राहू दिले. सगळीकडे एकच प्रणाली असावी ही इच्छा संचालकांची होती, गरज कुणाचीच नव्हती.

निष्पत्ती

ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं, ६.१२ कर्नेलसह. तोवर ग्राफिक्सची कार्डं निघाली होती आणि लॅपटॉपमधली वाय-फाय कार्डं बदलली होती, त्यामुळे झाडाबाहेरचा एकही ड्रायव्हर कुठे उरला नव्हता. बॅकपोर्ट्सची ओळ काढून सगळी यंत्रं १३ वर नेली. डोंगलला हवं ते कर्नेल आता वितरणाचंच होतं. हे स्थलांतर इतकं शांत झालं की त्याबद्दल टिपणांत दोनच ओळी आहेत.

१४ ऑक्टोबरला २३ यंत्रं लिनक्सवर होती, दोन विंडोज ११ वर, आणि एक विंडोज १० वर पण नेटवर्कबाहेर. ठशाचा सेन्सर बाराही लॅपटॉपवर निकामी आहे आणि कुणाला त्याची आठवण येत नाही. हॉलमधल्या एका यंत्राचं डोंगल अधूनमधून दुबळं पडतं. ते काढून पुन्हा लावावं लागतं, आणि त्याचं नेमकं कारण अजून सापडलेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

चाचणीची यंत्रं रिकामेपणावरून निवडण्याऐवजी, सगळ्यात जास्त गोष्टी डकवलेलं यंत्र आधी घ्यायला हवं होतं. हॉलमधला एक डेस्कटॉप पहिल्या दिवशी घेतला असता तर डोंगल आणि कार्डाची ओढाताण तिथेच दिसली असती, आणि कदाचित वितरणाची निवडही वेगळी झाली असती. चिपचे ओळखक्रमांक आधी गोळा केले असते तर बारा ‘एकसारखे’ लॅपटॉप आठ आणि चार आहेत हे कळलं असतं. चाचणीचा कालावधीही अपुरा होता. वाय-फायचं चिन्ह दिसणं ही चाचणी नव्हे; कर्नेल एकदा बदलून, यंत्र झोपवून-उठवून, दिवसभराचं खरं काम त्यावर करून बघितलं तर ती चाचणी.

एकच कर्नेल सगळीकडे, या निर्णयाबद्दल टिपणांत मतभेद आहे. कर्मचाऱ्याच्या मते तो मुळात चूक होता: लॅपटॉप ६.१ वर ठेवले असते तर बाहेरचा ड्रायव्हर डेबियन १२ संपेपर्यंत टिकला असता. सल्लागाराच्या मते त्या सकाळने होणारच होतं ते लवकर घडवलं. १३ वर जाताना तोच ड्रायव्हर पुन्हा आडवा आला असता, तेव्हा कार्ड आज बदललं काय नि वर्षाने काय. मला सल्लागाराचं पटतं, एका अटीवर: आपसूक अपडेट आधी एका लॅपटॉपवर येऊ द्यायला हवं होतं, बाकीच्यांवर आठवड्याने.

पण सगळ्यात मोठी सुटलेली गोष्ट ड्रायव्हरांच्या यादीत कुठेच नाही. हॉलमधले ते सात डेस्कटॉप जागचे कधीच हलत नाहीत. त्यांना वाय-फाय होतं ते केवळ केबल ओढायची राहिली म्हणून. मदरबोर्डवरचं नेटवर्कचं तोंड सातांतही होतं, कर्नेल ६.१ ने ते पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं, आणि कार्यालयातला केबलचा स्विच हॉलच्या भिंतीपलीकडे होता. डोंगलचा प्रश्न आला तेव्हा तीन पर्याय मांडले गेले आणि तिन्ही डोंगलचेच होते. केबल ओढली असती तर बॅकपोर्ट्सचं कर्नेल लागलं नसतं, ४७० चा ड्रायव्हर निदान डेबियन १२ पुरता चालत राहिला असता, आणि लॅपटॉपवर नवं कर्नेल चढवायचं कारणच उरलं नसतं. आता ती मागवली आहे. सहा यंत्रांना लागेल. सातवं, स्कॅनरवालं, नेटवर्कबाहेरच राहील.